बिननावाची तीन ताटं

पाण्याच्या मोटारीत तार भरताना वेढे मोजावे लागतात. एखादा वेढा कमी पडला तरी मोटार चालू होते, पण पुढं गरम होते आणि जळते. त्या मंगळवारी मी त्रेचाळिसाव्या वेढ्यावर होतो आणि दुकानातला फोन वाजला. तार बोटात धरूनच मी फोन उचलला.

"महिपती गुरव का?"

"बोला."

"स्टँडवरून कंट्रोलर बोलतोय. तुमची मंडळी बोरगावच्या गाडीतून उतरली आणि बाकावर बसली. तुम्ही या. सावकाश या."

सावकाश या म्हटल्यावर मला कळलं. घाई करून उपयोग असता तर तो लवकर या म्हणाला असता.

स्टँडच्या दारात छबू भाजी विकायला बसते. मी पोचलो तेव्हा ती बाकावर होती आणि ताराचं डोकं तिच्या मांडीवर होतं. छबूनं पदरानं ताराचा चेहरा पुसला होता.

"पाणी मागितलं, दादा," छबू म्हणाली. "म्या तांब्या घेऊन येस्तोवर झालं. दुखलं-खुपलं काय न्हाई बघा. हसतीया."

खरंच हसरा होता चेहरा. सकाळी घरातून निघताना असा नव्हता. निघताना ती माझ्यावर वैतागली होती, कारण मी तिचा चष्मा उचलून भलतीकडं ठेवला होता.

कंट्रोलरनं तिची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. त्यात चष्मा, पेन, अर्धा पेरू, बोरगावची जातायेतानाची तिकिटं आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं ते मोठं रजिस्टर. एका तिकिटाच्या पाठीमागं तिच्या अक्षरात लिहिलं होतं: इमाम मुल्ला, बोरगाव, मशिदीमागे. तिनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस ती अशी कुठं ना कुठं जायची. मी विचारायचो नाही. संघाचं काम असायचं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. आता तिला सोळा वर्षं झाली.

संघ म्हणजे स्वातंत्र्यस्मृती महिला संघ. त्याची आमच्या बेलवडीतली शाखा त्रेपन्न साली निघाली. पहिल्या बायका सात. सातही मोठ्या घरच्या, आणि सातहीजणींच्या घरात कुणीतरी बेचाळीस साली तुरुंगात गेलेलं. तसा सरकारी कागद असल्याशिवाय सभासद होता येत नसे. दरवर्षी नऊ ऑगस्टला त्या जमायच्या, तुरुंगात गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायच्या, खोबऱ्याची बर्फी खायच्या आणि घरी जायच्या.

तारा बहात्तर साली त्यात गेली ती अक्षर चांगलं म्हणून. इनामदार बाई तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि शाखेच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी तिला इतिवृत्त लिहायला बोलावलं. सहा वर्षं ती गप लिहीत राहिली. मग एका सभेत म्हणाली, "बाई, तुरुंगात गेलेल्यांना कागद मिळाला. त्यांना भाकरी कुणी घातली? तिला कुठला कागद?"

त्यावर तीन सभा भांडणं झाली. शेवटी नियम झाला, आणि तो ताराच्या हातचाच आहे. जिनं भूमिगतांना जेवू घातलं, लपवलं, निरोप पोचवला, तिचंही नाव लागेल, आणि तिच्या घरच्या बाईला सभासद होता येईल. कागद नको. दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार रक्ताचा किंवा सोयऱ्याचा नसावा, आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगावं. सही करावी नाहीतर अंगठा उठवावा.

तेव्हापासून तारा साक्षीदार शोधत फिरायला लागली. सातच्या चौसष्ट झाल्या. छबूची आई भाजीच्या पाटीत चिठ्ठ्या नेत असे. तिचं नाव लागलं त्या दिवशी छबूनं अख्ख्या स्टँडवर गाजरं वाटली होती.

सभा आमच्याच घरी व्हायच्या, दुकानाच्या मागच्या सोप्यात. ठरावावर हात वर करायची वेळ आली की तारा उठायची. "चालू द्या तुमचं, मी चहा ठेवते." चहा घेऊन आली की बाई तिला आकडा सांगायच्या आणि ती लिहून घ्यायची. मी चेष्टा करायचो, "देशाचा कारभार तुझ्या चहावर अडलाय."

ती म्हणायची, "तुमच्या मोटारी नाहीत का माझ्या चहावर चालत?"

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी इनामदार बाई आणि छबू घरी आल्या. मी जेवत होतो. छबूनं माझं ताट बघितलं.

"वैनींचं ताट न्हवं हे?"

"तिचंच."

आमच्या घरात तीन जुनी पितळी ताटं आहेत. ताराच्या लग्नात माहेराहून आली. आमच्याकडं लेकीला भांडी देताना कासाराकडून ठोके मारून नाव घालून देतात. या ताटांवर नाव नव्हतं. माझ्या आईनं तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, "बिननावाची ताटं देतात का कुणी लेकीला?" मी पुढं एकदा नाव घालणाऱ्याला दारात बोलावलंही. तारानं त्याला पाणी देऊन परत पाठवलं. मला म्हणाली, "राहू द्या आहेत तशी. ठेव आहे ती." कुणाची ठेव ते सांगितलं नाही.

बाईंनी खुर्ची ओढली. "महिपतराव, पुण्याच्या मुख्य कचेरीतून पत्र आलंय. शाखेला पन्नास वर्षं झाली, इतिहास छापायचाय. तारानं सगळा लिहून ठेवलाय. शेवटी सभासदांची पानं जोडायची आहेत. रजिस्टर तुमच्याकडं आहे ना?"

मी फडकं सोडून रजिस्टर पुढं ठेवलं. एका सभासदाला एक पान. वर सभासदाचं नाव, खाली घरातल्या कुणी काय केलं ते, त्याखाली साक्षीदारांच्या दोन ओळी. बाई एकेक पान उलटत होत्या आणि छबू अंगठे बघत होती.

तेविसाव्या पानावर बाई थांबल्या.

वर लिहिलं होतं, तारामती महिपती गुरव. खाली, आई कोंडाबाई, खानावळ, पोलीस लाइनीशेजारी. त्याखाली पेन्सिलीनं एकच ओळ: भूमिगतांना जेवण. साक्षीदारांच्या दोन्ही ओळी कोऱ्या.

"हे कसं?" बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पान बघितलं. "एकतीस वर्षं सचिव. आम्ही कुणी हे पान उघडून बघितलंच नाही."

"म्हंजी वैनी सभासदच न्हवत्या?" छबू म्हणाली. "आन आम्हास्नी केलं?"

मग बाईंनी पिशवीतून पेन काढलं. "त्यात काय एवढं. एक सही मी करते. दुसरी छबू करेल."

"तुम्ही बघितलं होतं का, बाई?" मी विचारलं.

"मी तेव्हा पुण्यात चौथीत होते."

"छबू?"

"माझा तर जलमच सत्तेचाळीसचा, दादा. पर वैनींची आई खोटं कशाला बोलंल?"

मला सही करू द्यावीशी वाटत होती, हे कबूल करतो. तिचं नाव त्या पुस्तकात नसणं मला सहन झालं नसतं. बाई पेनाचं टोपण उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "नऊ ऑगस्टपर्यंत थांबा. ती त्या दिवशी बोरगावला कुणाला तरी भेटून आली होती. मी जाऊन येतो."

"नऊला यादी मंजूर होऊन पुण्याला जाणार," बाई म्हणाल्या. "मग काही करता येणार नाही."

बोरगावला मशिदीमागं इमाम मुल्लांचं घर सापडायला वेळ लागला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दारात बाजेवर बसून लसूण सोलत होता. अंग वाळलेलं, पण पाठ अजून ताठ.

"गुरव ताईची वाट बघतोय," ते म्हणाले. "गुरुवारी येते म्हणाली होती. किती गुरुवार गेले."

मी त्यांना सांगितलं. त्यांनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं आणि हातावरची सालं झटकली.

"मी तिचा नवरा," मी म्हटलं.

"म्हणजे कोंडाबाईचे जावई. मग आमचे पण जावई झालात. बसा. जावयानं उभं राहू नये." त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "पोरी, चहा टाक. साखर घाल नीट, जावई आलाय."

इमामचाचा बेचाळीस साली बेलवडीत पोलीस शिपाई होते. लाइनीत आठ बिनलग्नाचे शिपाई राहायचे आणि आठही जण कोंडाबाईच्या खानावळीत जेवायचे. ज्याच्या नावाचं ताट, त्यानं त्यातच जेवायचं.

"आम्ही आठ," चाचा म्हणाले. "पण सकाळी मी पाणी भरायला जायचो, तेव्हा ओट्यावर धुतलेली ताटं पालथी घातलेली असायची. ती अकरा. आठ आमची. तीन बिननावाची. एक-दोन दिवस नाही, तीन-चार महिने. कधी आठ, कधी अकरा."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं की. म्हटलं, बाई, पाहुण्यांच्या ताटांवर पण नाव घालून घ्या. तर म्हणाली, 'नाव घातलं तर तुला वाचता येईल ना, इमाम.'"

ते हसले. दात दोनच राहिले होते.

"त्यानंतर मी विचारलं नाही. ती माझ्या भाकरीवर तेल-चटणी जास्त घालायला लागली. बाकीचे सात जण म्हणायचे, बाईचा तुझ्यावर जीव आहे."

"प्रत्यक्ष कुणाला बघितलं का?" मी विचारलं. मला नियम माहीत होता.

"एकदा. उजाडायच्या आधी. माझा पहारा होता. मागच्या दारातून तीन माणसं ओढ्याकडं गेली. एकाच्या हाताला फडकं बांधलेलं. कोंडाबाई दारात उभी. तिनं मला बघितलं, मी तिला. मी पाठ फिरवून बिडी पेटवली. एका बिडीला चार काड्या लावल्या, जावई. काड्या कोरड्या होत्या."

चहा आला. त्यांनी बशीत ओतून आधी माझ्यापुढं सरकवला.

"हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला पण नाही. तुमच्या मंडळींना पहिल्यांदा सांगितलं. ती रडेल असं वाटलं मला. नाही रडली. म्हणाली, 'चाचा, ती ताटं आमच्या घरी आहेत. मी रोज त्यातच जेवते.' मग वही काढली आणि म्हणाली, सही करा. आणि मी घाबरलो."

"कशाला?"

"नोकरीत असताना बघून सोडलं असं लिहून द्यायचं. उद्या कुणी विचारलं तर? म्हटलं, पोराला विचारतो, गुरुवारी या. ती म्हणाली, 'एकतीस वर्षं थांबले, दोन दिवसांचं काय.' जाताना दारातून वळून म्हणाली, 'एक तर मिळाला.' हसत गेली."

"पोरानं काय सांगितलं?"

"म्हणाला, अब्बा, इंग्रज जाऊन छप्पन वर्षं झाली."

त्यांनी सही केली. उर्दूत नाही, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली जुन्या सवयीनं आपला शिपायाचा नंबर घातला. मग दुसऱ्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आठातला मी एकटाच उरलोय. हिच्यासाठी माणूस नाही माझ्याकडं."

येताना गाडीत मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो. ती त्या दिवशी याच रस्त्यानं एक साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात आली होती. महिनाभर मला वाटत होतं की ती बाकावर एकटी, काहीतरी राहून गेलेली अशी गेली. तसं नव्हतं. त्या दिवसापासून मला नीट झोप लागायला लागली.

नऊ ऑगस्टला सोपा भरला. साठ-एक बायका होत्या. मी दुकान आणि सोपा यांच्यामधल्या दारात उभा राहिलो. बाईंनी इमामचाचांचं सगळं सांगितलं. चार काड्यांचं सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. मी तीन ताटं आणून मधोमध ठेवली होती. बायकांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, एकीनं पदरानं पुसलं.

बाई म्हणाल्या, "एक साक्षीदार आहे. दुसऱ्याच्या जागी ही ताटं आहेत. ताटं सही करत नाहीत, ते मला कळतं. पण ताराच्या बाबतीत दुसऱ्या साक्षीदाराची अट माफ करावी असा ठराव मी मांडते. कुणाची हरकत?"

हरकत कुणाची असणार. सगळ्या आधीच हात वर करायला लागल्या.

छबूनं हात वर केला नव्हता. ती मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होती.

"छबू, तुझा हात?" बाई म्हणाल्या.

"च्या कुणी ठेवायचा?" छबू म्हणाली.

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "हिला भाजी विकून आल्या आल्या च्या लागतो."

"हसू नगा. वैनी ह्याच टायमाला उठायच्या. हात वर कराय लागलं, की उठायच्या. दर खेपंला. एकदा तरी वैनींचा हात वर गेलेला कुणी बघितलाय का?"

बाईंचा वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"माझ्या मोजणीत नेहमी एक हात कमी यायचा," त्या म्हणाल्या. "हजर इतक्या, हात इतके, एक कमी. मी गणिताची शिक्षिका. मला वाटायचं, वयानं माझीच मोजणी चुकायला लागली. मी कधी बोलले नाही."

मी दारात उभा होतो आणि एकतीस वर्षांची सगळी चहाची भांडी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी किती वेळा चेष्टा केली होती.

बाई माझ्याकडं वळल्या. "महिपतराव, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

मला सभेत बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "बाई, एक वेढा कमी ठेवून मी मोटार बांधून दिली, तर शेतकऱ्याला कळणार नाही. मला कळेल. नियम तिनं केला. पंचवीस वर्षं तिनं तो स्वतःसाठी मोडला नाही. आता ती नाही म्हणून तिच्या नावावर तो मोडू नका. पान आहे तसंच छापा. एक सही आहे, ती दिसू द्या. दुसरी ओळ कोरी ठेवा. मी शोधतो."

"आणि सभासदांत नाव?"

"दोन सह्या झाल्या की लावा."

बाईंनी तीन ताटं एकात एक रचून ठेवली. मग त्यांनी ठराव मागं घेतला. हात सगळे खाली झाले आणि छबू उठली.

"बसा समद्या," ती म्हणाली. "मी ठेवते च्या. दादा, साखरेचा डबा कुठं ठिवलाय?"

मला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून शोधला. तांदळाच्या पिंपामागं होता.

पुस्तक दिवाळीत छापून आलं. बेलवडी शाखेचा इतिहास चाळीस पानांचा आहे आणि तो ताराच्या शब्दांतच आहे, बाईंनी फक्त काना-मात्रा तपासल्या. शेवटी चौसष्ट पानं, पहिली सात सरकारी कागदाची, बाकीची दोन-दोन साक्षीदारांची. त्यानंतर एक पान एका सहीचं, शिपायाचा नंबर घातलेली सही, आणि खाली एक कोरी ओळ. पुण्याच्या कचेरीतल्या बाईंनी पत्र पाठवून विचारलं, ही छापायची चूक आहे का? इनामदार बाईंनी उलट टपाली कळवलं, चूक नाही.

मी पाच वर्षांनी दुकान बंद केलं आणि मंगळवारी बाहेर पडायला लागलो. पिशवी तीच, चष्मा तेवढा माझा. आसपासच्या सत्तावीस गावांत जाऊन आलो. म्हाताऱ्या माणसांना तीन ताटांचं सांगतो. पुष्कळ माणसं दुसरंच काही सांगतात, तेही मी लिहून आणतो, आणि त्यातून शाखेत आणखी अकराजणींची नावं लागली. अक्षर माझं वाईट आहे. छबूची नात ते पुन्हा नीट लिहून घेते. सभेत हात वर करायची वेळ आली की आता छबू उठते, तिचा हात आधी मोजून घेतलेला असतो.

इमामचाचा पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. बेचाळीस सालचं पाहिलेलं माणूस आता क्वचित भेटतं, आणि भेटलं तर त्याला ऐकू येत नाही.

मी रोज दोन्ही वेळा त्यातल्याच एका ताटात जेवतो. नाव घालणारा अजून वर्षातून एकदा गल्लीत येतो. मी त्याला पाणी देतो आणि पाठवून देतो.

त्या ताटांत कोण तिघं जेवले ते कळलेलं नाही. तेविसाव्या पानावर दुसऱ्या साक्षीदाराची सही अजून घ्यायची आहे.